दीडशेच्या आत

दिवाळीआधीच्या एका बुधवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मुंबईतल्या सर्व्हरने आमच्या कार्यालयातल्या डीटीपी ऑपरेटरला चालू सामन्यातून बाहेर काढलं. ती तेव्हा नऊ–सहाने पुढे होती. पडद्यावर एकच ओळ आली : पिंग मर्यादेबाहेर. अमरावतीत ब्रॉडबँड येऊन तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं.

मी तिच्या डाव्या हाताला वही घेऊन बसलो होतो. वहीत शेवटचे तीन आकडे होते १६४, १९१ आणि २१२.

मी एका दैनिकाच्या अमरावती कार्यालयात उपसंपादक होतो. जिल्ह्याचं पान माझ्याकडे होतं आणि ते पडद्यावर लावण्याचं काम तिच्याकडे. त्या वर्षांत पानाच्या डाव्या कडेला एककॉलमी जागा रोज राखलेली असे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं गाव, तालुका, वय, मागे कोण. त्या ओळी तिच्याच हातून लागत. त्या जागेबद्दल आम्ही आपसांत कधी बोललो नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलत असू. ती चांदूर बाजारकडच्या एका खेड्यातली, वय पंचविशीच्या आत, आणि कीबोर्डकडे न पाहता मराठी टाइप करणारी आमच्याकडची एकटीच. सगळे तिला ताई म्हणत. ती मला भाऊ म्हणायची.

कार्यालयाच्या खालच्या मजल्यावर सायबर कॅफे होतं. आठ संगणक, एक लाइन. चालवणारे गृहस्थ पूर्वी त्याच गाळ्यात कॅसेट विकत. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. एकदा आमचा संगणक बंद पडला म्हणून ताई पान लावायला खाली गेली. दुरुस्ती लांबली. शेजारच्या पडद्यावर दोघांची बंदुकीची लढत चालली होती. तिने ती दहा मिनिटं पाहिली आणि माउस मागून घेतला. हा खेळ तिने असा सुरू केला.

खेळ साधा होता. एक बंदिस्त इमारत, त्यात दोन माणसं, दहा मिनिटं. ज्याला गोळी लागेल तो दुसऱ्या दारातून पुन्हा आत येतो. वेळ संपताना ज्याच्या नावावर लागलेल्या गोळ्या जास्त तो जिंकला. दोघं कुठेही बसलेले असोत, हिशेब मधला सर्व्हर ठेवतो. तो मुंबईत होता.

पिंग म्हणजे आपल्या संगणकाने त्या सर्व्हरला हाक मारल्यापासून ओ ऐकू येईपर्यंतचा वेळ. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. पुण्यामुंबईच्या खेळाडूंचा पिंग तीस-चाळीस असे, चाचांच्या कॅफेत एकशे नव्वद ते दोनशेवीस. दोनशे म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यात खेळातला धावणारा माणूस एक पाऊल पुढे गेलेला असतो. तुमच्या पडद्यावर तो दारात दिसतो, सर्व्हरच्या लेखी तो दार ओलांडून गेलेला असतो. तुम्ही दारात मारलेली गोळी भिंतीला लागते. या खेळात सर्व्हर स्वतःच्या घड्याळाखेरीज दुसरं काही मानत नसे.

कॅफेत येणारी कॉलेजची मुलं याला वैतागून टेबलावर मुठी आपटत. ताईने पहिल्याच आठवड्यात माणसाच्या एक पाऊल पुढे, मोकळ्या जागेत गोळी मारायला सुरुवात केली. माणूस तिथे पोचायचा आणि पडायचा.

"हे तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोणं शिकवते? ज्वारीवर राघू येतेत तवा गोफण कशी मारता तुमी? राघू हाय तिथी मारली तर गोटा मांगून जाते."

"मी कधी गोफण मारली नाही."

"म्हणूनच उपसंपादक झाले तुमी," ती म्हणाली.

महिन्याभरात कॅफेत तिला हरवणारं कोणी उरलं नाही. उन्हाळ्यात अकोल्यातल्या एका संगणकाच्या दुकानात रविवारी स्पर्धा होती. आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. दुकानदाराने आठ संगणक आपसांत तारेने जोडले होते, सर्व्हर त्याच खोलीत टेबलाखाली. पडद्याच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा शून्याच्या आसपास होता. ताई पहिल्याच फेरीत पंधरा–दोन अशी हरली. तिची प्रत्येक गोळी माणसाच्या एक पाऊल पुढे भिंतीत जात होती. माणूस जिथे दिसत होता तिथेच होता, आणि तिचा हात ते मानायला तयार नव्हता.

मागे उभ्या असलेल्यांनी मजा करून घेतली.

"काहून बाई, भिंतीसंगं दुश्मनी हाय काय?"

"अमरावतीवाले हवेत फायर करून राहिले! शेजारून वरात जाऊन राहिली वाटते!"

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर आलं. ती म्हणाली, "भाऊ, माह्या हाताले एकच तार माहीत हाय. उशिराची."

"मग?"

"मंग काय, दुसऱ्या तारंची सवय करा लागते. अन् मधल्या साऱ्याची."

अडचण अशी होती की चाचांच्या कॅफेत दुसरी तार नव्हती. ती सापडली भारनियमनात.

तेव्हा गावात भागांप्रमाणे पाळीपाळीने वीज जात असे. त्याचा आठवड्याचा तक्ता वीज कार्यालयाकडून शनिवारी फॅक्सने माझ्या टेबलावर येई आणि माझ्या पानावर छापला जाई. आमच्या भागाची वीज त्या पाळीत दुपारी एक ते साडेचार बंद असायची. चाचांकडे ट्रकच्या दोन बॅटऱ्यांवरचा इन्व्हर्टर होता. त्यावर ते एक संगणक आणि मोडेम चालू ठेवत, बाकीचं कॅफे अंधारात. अशा एका दुपारी ताईने खेळ सुरू केला तेव्हा कोपऱ्यात आकडा होता ९४.

चाचांचं म्हणणं असं, की आजूबाजूची सगळी मोडेमं बंद झाली की लाइन रिकामी होते. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या एका तंत्रज्ञाने मला नंतर तेच सांगितलं. घरोघरची तार वेगळी असली तरी एक्स्चेंजमधून बाहेर जाणारा रस्ता सगळ्यांचा एकच, आणि एक्स्चेंज स्वतःच्या बॅटऱ्यांवर चालतं. लोकांचे दिवे गेले की रस्त्यावरची गर्दी जाते.

त्या दुपारपासून चाचा लाइट गेली की जिन्याखाली उभे राहून हाक मारत, "बेटा, अंधार झाला! ये लवकर, तुही लाइन मोकळी हाय!" सगळं गाव घामाघूम होऊन वीज मंडळाला शिव्या घालत असायचं आणि हे दोघं खुशीत असायचे.

सराव मात्र तिने ठरवला तसाच झाला. छापखान्यात मुद्रित तपासताना एक जण मूळ कागद मोठ्याने वाचतो आणि दुसरा छापलेल्या मजकुरावर नजर ठेवतो. वाचणारा अर्थात शिरत नाही, सूर बदलत नाही. ताईने मला तसंच वाचायला बसवलं. मजकुराच्या जागी पिंगचा आकडा. तिची नजर माणसावर, माझी कोपऱ्यातल्या आकड्यावर. दर दहा सेकंदांनी मी आकडा म्हणायचा आणि वहीत लिहायचा. पंचाण्णवला ती अर्धं पाऊल पुढे मारी, एकशे चाळीसला त्याहून थोडं जास्त, दोनशेला पूर्ण पाऊल. वीज असताना उशिराची तार, वीज नसताना लवकरची. सुरुवातीचे पंधरा दिवस तिचे दोन्ही नेम बिघडले. चाचा म्हणाले, "जे येत होतं तेबी घालवलं पोट्टीनं." तिसऱ्या आठवड्यात तिचा हात आकडा ऐकून बदलू लागला. मी १२० म्हणायचो आणि पुढची गोळी १२०ची असायची.

दसऱ्यानंतर मुंबईच्या सर्व्हरवरची स्पर्धा जाहीर झाली तेव्हा तिने नाव दिलं. नियमात एक कलम होतं. सर्व्हर दर दहा सेकंदांनी पिंग मोजणार, आणि सलग तीन वेळा तो दीडशेच्या वर गेला की खेळाडू बाहेर. पहिले दोन सामने तिने भारनियमनाच्या वेळेत मागून घेतले आणि जिंकले. तिसरा त्या बुधवारचा. समोर पुण्याचा खेळाडू होता, आदल्या वर्षी शेवटच्या फेरीपर्यंत गेलेला. तक्त्यात वीज साडेचारला येणार होती. दिवे लागले चार वाजून सात मिनिटांनी. शेजारच्या इमारतीत कोणीतरी आनंदाने ओरडलं. तीन मिनिटांत गल्लीतली सगळी मोडेमं जागी झाली.

"भाऊ, तुमच्या तक्त्यानं मारलं मले," ताई म्हणाली.

"तक्ता माझा नाही. वीज मंडळाचा."

"छापला कोणं?"

तिने हेडफोन काढून ठेवला आणि वर जाऊन पान लावलं.

गुरुवारी पुण्याच्या खेळाडूने स्पर्धेच्या संकेतस्थळावर तक्रार टाकली. अमरावतीची खेळाडू आपल्या पडद्यावर उड्या मारत येते, एका जागेवरून नाहीशी होऊन दुसऱ्या जागी उगवते, तिच्या गोळ्या लागतात त्या नेमामुळे नव्हे, लाइन खराब असल्यामुळे, असं त्याचं म्हणणं. उड्यांपुरतं ते खरं होतं. पिंग वाढला की समोरच्याला आपण तुटक दिसतो. संयोजकांनी शुक्रवारी निर्णय दिला. बुधवारचा सामना अर्धवट राहिला म्हणून रद्द. रविवारी दुपारी चारला पुन्हा सामना. त्यात ती पुन्हा मर्यादेबाहेर गेली तर नाव काढलं जाईल आणि आधीचे दोन विजयही खराब लाइनवरचे म्हणून रद्द होतील.

तिने तो निर्णय दोनदा वाचला.

"हारायचं असन तर हारीन बाप्पा," ती म्हणाली. "पण माह्या गोळीचं नाव तारंले देऊन राहिले हे लोक. ते नाई चालत."

शनिवारी फॅक्स आला. त्यात रविवारचा तक्ता नव्हता. रविवारी दिल्लीहून मोठे पाहुणे जिल्ह्यातल्या गावांची पाहणी करायला येत असल्याने शहरात आणि दौऱ्याच्या मार्गावर दिवसभर भारनियमन होणार नाही, असं दोन ओळींत कळवलं होतं. मी ती बातमी चौकटीत घेतली. ती लावताना ताईने मथळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं. लोकायले पंखे तरी भेटतीन."

रविवारी वीज सकाळपासून होती. तीन वाजता मी खाली गेलो तेव्हा कॅफेचे आठपैकी सात संगणक भरलेले होते. दौरा आटोपून मुंबईपुण्याची पत्रकार मंडळी शहरात परतली होती. दोन छायाचित्रकार खांद्यावरच्या पिशव्या न उतरवताच बसले होते आणि फोटो आपापल्या कार्यालयांना पाठवत होते. कोपऱ्यातला एक संगणक चाचांनी सकाळपासून ताईसाठी राखून ठेवला होता. तिने तो सुरू केला. आकडा ४८० होता.

चाचा हात चोळत माझ्याजवळ आले. "काय करू सांगा? त्यायचंबी काम हाय. पाहुणे लोकायले उठ कसं म्हणू?"

ताई उठली आणि पहिल्या छायाचित्रकाराच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"दादा, किती फोटो पाठवायचेत?"

"बावीस."

"एक जायला किती वेळ लागते?"

"सहा-सात मिनिटं लागतायत. फारच स्लो आहे हो तुमच्याकडे."

"बावीस सत्ते किती होते?"

त्याने मान वर केली. "आमचा डेस्क साडेचारपर्यंत थांबलाय, मॅडम. आमचाही नाइलाज आहे."

"छापणार किती?"

"एक. फार तर दोन."

"मंग बाकीचे वीस कोण पाह्यते?"

त्याचा सहकारी हसला. ताईने विचारलं, फोटो किती कॉलम लागेल. तीन, तो म्हणाला. तेव्हा तिने त्याला खुर्चीतून उठवलं. उठवलं हाच शब्द बरोबर आहे. "उठा दादा, मी रोज हेच करते." वर्तमानपत्राच्या कागदावर तीन कॉलमला लागतं त्याच्या कितीतरी पट मोठे फोटो ते जसे कॅमेऱ्यातून आले तसेच पाठवत होते. तिने बावीसपैकी चार त्याच्याकडून निवडून घेतले, तीन कॉलमच्या मापाला आणले आणि पाठवले. एक फोटो चाळीस सेकंदांच्या आत गेला. त्याने कार्यालयाला फोन लावला. पलीकडून होकार आला आणि तो तिच्याकडे पाहत राहिला. दुसऱ्याने न विचारता स्वतःची खुर्ची मागे सरकवली.

मी त्या कार्यालयात अकरा वर्षं काम केलं. इतकं कमी बोलून केलेलं इतकं चोख काम मी फार वेळा पाहिलं नाही. त्या दुपारचा मला अभिमान आहे.

तीन त्रेपन्नला दुसऱ्याचे फोटो गेले. चाचांनी उरलेल्या पाच जणांना उभ्यानेच सांगितलं, "चला, समोरच्या टपरीवर चहा घ्या, माह्याकडून. पंधरा मिनिटं. इथं एका पोरीचा पेपर हाय." कोणी खळखळ केली नाही. एका कॉलेजच्या मुलाने विचारलं, कशाचा पेपर? चाचा म्हणाले, "बंदुकीचा." ते सगळे बाहेर गेले आणि चहा घेऊन दाराशी परत आले.

आकडा १३८ होता. वीज असलेल्या दिवसासाठी तो आम्ही पाहिलेला सर्वांत कमी आकडा. सराव मात्र बहुतेक पंचाण्णवचा नाहीतर दोनशेचा झाला होता, मधला हात कच्चा होता. ताई म्हणाली, "भाऊ, आज मोठ्यानं वाचा. अन् मंधात मतं सांगू नका."

चारला सामना सुरू झाला.

पहिल्या दोन मिनिटांत पुण्याचा खेळाडू तीन–शून्य पुढे गेला. मी आकडे वाचत होतो. १३८, १४१, १३६. तिसऱ्या मिनिटाला तिने त्याला जिन्यावर गाठलं, मग लगेच खालच्या दारात. पाचव्या मिनिटाला सात–सात झाले. छायाचित्रकार आता माझ्या मागे उभे होते. त्यांतला एक "अरे, मारते कुठे ही? तिथे कोणीच नाहीये," असं म्हणाला, आणि वाक्य संपायच्या आत तिथे कोणीतरी आलं आणि पडलं.

आठव्या मिनिटाला ती तेरा–बाराने पुढे होती. मी वाचलं, १४७. पुढचं वाचन १५५ आलं. ताईचा माउस थांबला नाही, फक्त पुढच्या गोळीत ती थोडी जास्त पुढे सरकली आणि ती गोळी लागली. पुढचं वाचन १६१. सलग दोन झाले होते. मी आवाज तसाच ठेवला. मला आठवतं तसा ठेवला.

चाचांनी वळून पाहिलं. तिसऱ्या क्रमांकाच्या संगणकावर दुसरा छायाचित्रकार खाली वाकून काहीतरी करत होता. कार्यालयाने आणखी एक फोटो मागितला होता आणि त्याने मूळ मापाचाच पाठवायला घेतला होता.

"अरे भाईसाब!" चाचा ओरडले आणि त्या संगणकाच्या मागची तार त्यांनी उपटून हातात घेतली.

मी आकड्याची वाट पाहिली. १४९.

"एकशे एकोणपन्नास," मी वाचलं.

"ऐकलं," ताई म्हणाली.

छायाचित्रकाराने दोन्ही हात वर केले. "सॉरी, सॉरी. ताई, सॉरी."

"मंग बोला. आत्ता नाई."

उरलेल्या वेळात आकडा १४२ ते १४८ यांच्या मध्ये राहिला. पुण्याच्या खेळाडूने पंधरा–पंधरा अशी बरोबरी केली. शेवटच्या मिनिटात तो लांब ओसरीवरून धावत निघाला. मी १४४ म्हटलं. तिने ओसरीच्या टोकाला, रिकाम्या खांबाशी गोळी मारली आणि तो खांबाशी पडला. वीस सेकंद उरले असताना तो पुन्हा त्याच वाटेने आला. या वेळी मधेच थांबला, ती पुढे मारते हे त्याने ओळखलं होतं. ती मारायची थांबली. तो पुन्हा निघाला तेव्हा तिने मारलं.

सतरा–पंधरा.

दारातल्या मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. चाचा तार हातात धरूनच म्हणाले, "कोण म्हणे लाइन खराब हाय? आँ? कोण म्हणे?" ताईने हेडफोन काढला, तिसऱ्या क्रमांकाच्या संगणकाशी गेली, तार चाचांच्या हातातून घेऊन पुन्हा लावली आणि छायाचित्रकाराला म्हणाली, "दाखवा आता. किती कॉलम?"

पाच वाजता ती वर आली. त्या दिवशीचं पान नेहमीच्या वेळी सुटलं. पाहणी दौऱ्याची बातमी वर चार कॉलम गेली, डाव्या कडेची जागा भरलेली होती.

मंगळवारी संयोजकांनी सर्व्हरवरची पूर्ण नोंद तपासून निकालाच्या पानावर टाकली. विजयी खेळाडू अमरावतीची. गुण सतरा–पंधरा. दीडशेच्या वर सलग मोजण्या दोन. आधीचे दोन विजय कायम. लाइनबद्दलची तक्रार फेटाळली.